चौदा नंबरचा बेड

सकाळी ६.४०

लिंबायतहून कतारगामला यायला मावशींना दोन रिक्षा लागतात. पहिली घरापासून सुरत स्टेशनपर्यंत, दुसरी स्टेशनहून कतारगाम दरवाजाच्या पुढे. दोन्ही शेअर. पंधरा आणि पंधरा, तीस रुपये. परतताना तेवढेच. महिन्याचे दीड हजार रिक्षात जातात आणि पगार हातात पडतो साडेअकरा हजार. सिटी बस स्वस्त आहे, पण वेळेवर मिळेल याची खात्री नाही. आठची हजेरी. महिन्यात तीनदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात.

मावशी मूळच्या अमळनेरकडच्या. नवरा लूमवर होता. तीस वर्षं खडखडाटात काढली, आता त्याला कमी ऐकू येतं. घरात अहिराणी, वॉर्डात गुजराती, माझ्याशी मराठी. इस्पितळात सगळे त्यांना मावशी किंवा मासी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो.

सकाळी ८.००

कतारगामातलं एक ट्रस्टचं इस्पितळ. या भागात कधी पापडीचे मळे होते. आता हिऱ्यांचे कारखाने, लूम, एम्ब्रॉयडरीची मशिनं आणि त्यांत काम करणाऱ्यांच्या चाळी. तिसऱ्या मजल्यावर पुरुषांचा जनरल वॉर्ड. दोन्ही भिंतींना बारा-बारा, एकूण चोवीस बेड. बेड लावणं, पुसणं, चादरी बदलणं, भांडी देणं ही कामं मावशींची. उचलायला, ढकलायला एक वॉर्डबॉय आहे. तो दोन मजल्यांना मिळून एक.

रात्रपाळीची बाई निघताना सांगून जाते. चोवीसच्या चोवीस भरलेले. खाली कॅज्युअल्टीत एक जण रात्रीपासून स्ट्रेचरवर. आयसीयूतला एक वर वॉर्डात आणायचा आहे, जागा झाली की.

आज सोमवार. रविवारी कुणालाच सोडलं नाही, कारण रविवारी बिलिंगच्या खिडकीवर एकच माणूस असतो आणि मोठे डॉक्टर राउंडला येत नाहीत. पावसाळा सरत आलाय, तापाचे रुग्ण वाढलेत.

८.२०

धोब्याची गाडी आली. काल बावीस चादरी गेल्या होत्या, आल्या सोळा. पावसात वाळत नाहीत. मावशी वहीत आकडा लिहितात, सही घेतात. मग कपाटाच्या खालच्या खणातून एक पिशवी चाचपून बघतात. तिच्यात चार धुतलेल्या चादरी आहेत, गेल्या आठवड्यापासून बाजूला ठेवलेल्या.

‘‘बेड रिकामा झाला आणि चादर नाही, तर बेड देता येत नाही,’’ त्या म्हणतात. ‘‘म्हणून लपवते. दुसऱ्या मजल्यावरची पण लपवते. म्हणून तर कमी पडतात.’’

९.३५

डॉक्टरांचा राउंड. मागे आरएमओ (निवासी डॉक्टर), इनचार्ज सिस्टर, फाइलींची ट्रॉली. इनचार्ज व्याराच्या. पंधरा वर्षं या वॉर्डात आहेत.

चौदा नंबरवर एक रत्नकलाकार आहेत. चाळिशी ओलांडलेले, मूळ अमरेलीचे. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसून हिऱ्याला पैलू पाडतात. डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स वर आल्या, दोन दिवस ताप नाही. डॉक्टर पोट दाबून बघतात, डोळे बघतात, घरी सोडायला सांगतात, ‘‘रजा आपी दो.’’ सिस्टर फाइलवर वेळ टाकतात: ९.५०.

नऊ नंबरवर आजोबा आहेत, शनिवारी संध्याकाळी आलेले. मुलगा कतारगामात लूम चालवतो, वडील गावाहून आले आणि पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफी करायची आहे. रविवारी फक्त तातडीच्या केसेस होतात, म्हणून आज. रात्री दहापासून उपाशी ठेवलंय. पित्ताशय नीट दिसायला पोट रिकामं लागतं.

राउंड सव्वादहाला संपतो. पाच जणांना घरी जायला सांगितलंय. मावशी बोटांवर मोजतात: चार, अकरा, चौदा, अठरा, एकवीस.

१०.२०

चौदा नंबरचा माणूस कपडे बदलून बसलाय. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. हातातली विगो, सलाईनची सुई, सिस्टरनी काढली, तिथं कापूस चिकटवलाय. बायकोनं थर्मास, डबा, चार्जर पिशवीत भरले. ब्लँकेटची घडी झाली. बघणाऱ्याला वाटेल, निघालेच.

फाइल मात्र सिस्टरच्या टेबलावर आहे. डिस्चार्जचा कागद आरएमओनं टाइप करायचा. आरएमओ एक, वॉर्ड दोन. राउंड संपताच त्याला ओटीत बोलावलं. सकाळी सहाला घेतलेल्या रक्ताचा शेवटचा रिपोर्टही यायचा आहे. तो कागदाला जोडल्याशिवाय विमावाले फाइल परत पाठवतात. रक्त सहाला घेतलं, पण लॅबमध्ये खाली गेलं पावणेआठला, वॉर्डबॉय रिकामा झाला तेव्हा. तोवर पहिली खेप मशिनवर चढली होती. आता दुसऱ्या खेपेत.

१०.५०

टेबलावरचा फोन वाजतो. कॅज्युअल्टी. ‘‘बेड छे?’’

रात्रीचा स्ट्रेचरवरचा माणूस आहेच, आणखी एक आलाय. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातला मुलगा, पाय मांडीपर्यंत सुजलेला, लाल, ताप. शिरेतून औषध सुरू करायला हवं. कॅज्युअल्टीत ते सुरू करतात. पण तिथला स्ट्रेचर अरुंद, पाय उशीवर उंच ठेवता येत नाही, आणि शेजारी अपघाताची केस आली की पडदा सरकवून त्याला बाजूला करावं लागतं.

‘‘पाच रजा आहेत,’’ सिस्टर सांगतात. ‘‘एक वाजेपर्यंत होतील.’’

मावशी माझ्याकडे बघून मान हलवतात. नाही व्हायच्या.

११.१५

न वापरलेली औषधं परत करायची असतात. चौदा नंबरच्या नावावर दोन सलाईन, चार इंजेक्शनं, एक सेट. सिस्टर यादी करतात, मावशी ट्रे घेऊन खाली जातात. फार्मसीची परतीची खिडकी अकराला उघडते. आज तिथं सात ट्रे आधीच. मावशी रांगेत पंचवीस मिनिटं. हे खरं तर त्यांचं काम नाही, वॉर्डबॉयचं आहे. तो आयसीयूतून ऑक्सिजनवरच्या रुग्णाला सीटी स्कॅनला घेऊन गेलाय.

त्याच पंचवीस मिनिटांत सोनोग्राफीतून फोन आला: नऊ नंबरला पाठवा. व्हीलचेअर होती, ढकलायला माणूस नव्हता. मावशी वर आल्या तोवर सोनोग्राफीवाल्यांनी बाहेरच्या ओपीडीचा पुढचा नंबर घेतला होता. एक मशिन, एक डॉक्टर, आणि दारात तीसेक माणसं. एक नंबर चुकला की पुन्हा यादीच्या तळाशी.

आजोबा मावशींना जवळ बोलावतात. ‘‘माले घर जानं शे, माय.’’

‘‘जाशी बाबा. आज फोटो काढतीन.’’

पाणी मागतात. मावशी ओठ ओले करण्यापुरता कापसाचा बोळा देतात. त्याहून जास्त देता येत नाही.

१२.१०

जेवणाची ट्रॉली आली. जेवण आणि स्ट्रेचर दोघांना लिफ्ट एकच, त्यामुळे बारा ते एक खालून कुणी रुग्ण वर येत नाही. चौदा नंबरला जेवण नाही, कारण कॉम्प्युटरवर त्यांचं नाव ‘रजा’ असं झालंय. बायको खाली कँटीनला जाते. खिचडी चाळीस, चहा दहा. ती दोन प्लेट आणते.

इथे बेडचा दिवस दुपारी बाराला बदलतो. बारानंतर राहिलं की आणखी अर्ध्या दिवसाचं भाडं, तीनशे रुपये. इनचार्ज सिस्टर बिलिंगला फोन लावतात. ‘‘ऑर्डर नऊ पन्नासची आहे. दिवस लावू नका.’’ पलीकडचा काहीतरी म्हणतो. सिस्टर पुन्हा तेच म्हणतात, आवाज न चढवता. दुसऱ्या फोनला काम होतं. या तीनशे रुपयांबद्दल चौदा नंबरच्या माणसाला काही कळत नाही. तो खिचडी खातोय.

१२.४५

मावशी स्टोअररूममध्ये बादली उपडी घालून बसतात. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. अर्धी भाकरी मला देतात, नको म्हटलेलं ऐकत नाहीत.

लग्न होऊन सुरतेला आल्या आणि दुसऱ्याच वर्षी, १९९४च्या सप्टेंबरात, प्लेग आला. सुरुवात वेड रोडच्या वस्तीतून. तो रस्ता इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ‘‘लोक इस्पितळातून उठून पळून गेले. सलाईन काढून. आम्ही पण गाडीत बसून गावी गेलो, उभ्यानं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती.’’ भाकरीचा तुकडा मोडतात. ‘‘आता कपडे घालून बसलेत, तरी कुणी जाऊ देत नाही.’’

१.२५

चौदा नंबरचा रक्ताचा रिपोर्ट अकरा चाळीसला आला. आरएमओ ओटीतून साडेबाराला सुटला, आधी नव्या रुग्णांचं बघितलं, मग कागद टाइप केले. त्यानं काही चूक केली असं मला वाटत नाही. ज्याला श्वास लागतोय त्याला आधी बघायचं, की ज्याला घरी जायचंय त्याचा कागद आधी करायचा? कुणीही पहिलंच करेल. पण मग दुसरं करायला वेगळा माणूस हवा, आणि तो कुणी नेमलेला नाही.

चौदा नंबरची फाइल तळमजल्यावर टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्यांच्या, टेबलावर पोचली. टेबलावरचा मुलगा कागद स्कॅन करून विमा कंपनीला पाठवतो. भिंतीवर छापील कागद डकवलाय. विमा नियामकानं मे २०२४मध्ये काढलेला नियम: डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीनं तीन तासांत द्यायची. त्याहून उशीर झाला आणि इस्पितळानं जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं भरायचे.

मी विचारतो, तीन तास कधीपासून धरायचे?

‘‘मी पाठवलं तेव्हापासून,’’ तो म्हणतो. ‘‘एक एकतीस.’’

डॉक्टरनी सोडलं ९.५०ला. मधले तीन तास एक्केचाळीस मिनिटं या नियमात कुठंच येत नाहीत. एकवीस नंबरचा रुग्ण आयुष्मान कार्डावरचा आहे. त्याचेही कागद पोर्टलवर चढवायचे आहेत. पोर्टल सध्या गोल फिरतंय.

२.०५

आयसीयूतून सिस्टर स्वतः वर आल्या. फोनवर भागत नाही म्हणून. त्यांच्याकडचा एक रुग्ण काल संध्याकाळपासून वॉर्डात हलवण्याजोगा आहे. तो हलत नाही म्हणून आयसीयूत जागा नाही. आयसीयूत जागा नाही म्हणून ओटीतली दुपारची मोठी शस्त्रक्रिया थांबली आहे, कारण त्या रुग्णाला नंतर आयसीयू लागेल. त्याचे नातेवाईक दोन बाटल्या रक्ताची सोय करून बसलेत. रुग्ण उपाशी आहे.

‘‘एक तरी द्या,’’ आयसीयूच्या सिस्टर म्हणतात.

इनचार्ज वॉर्डाकडे हात करतात. पाच बेडवर पाच माणसं आहेत. चौघांच्या पायात चपला आहेत. एक मोबाइलवर क्रिकेट बघतोय. यातल्या कुणाला आज इस्पितळ लागत नाही. त्यांना उठवून बाकावर बसवावं, असं मलाही वाटून गेलं. मोठ्या शहरांतल्या काही इस्पितळांत त्यासाठी वेगळी खोली असते, सुटलेल्या रुग्णांना बसायला. इथे वॉर्डाबाहेर तीन माणसांचा एक बाक आहे आणि त्यावर आयसीयूतल्या रुग्णाचे नातेवाईक बसलेत. शिवाय चार दिवसांच्या डेंग्यूनंतर माणूस बाकावर तीन तास बसू शकत नाही. चौदा नंबरचा माणूसही शर्टासकट आडवा झालाय.

२.५०

वॉर्डबॉय आला. नऊ नंबरच्या आजोबांना व्हीलचेअरवर बसवून सोनोग्राफीला नेलं. मावशी चादर झटकून नीट करतात, उशी उलटी करतात. आजोबा सव्वातीनला परत येतात. तपासणीला दहा-अकरा मिनिटं लागली. पित्ताशयात खडे आहेत.

मुलगा विचारतो, आता काय? आता सर्जनला दाखवायचं. सर्जन अडीचला गेले. उद्या सकाळी.

मुलगा लूमवर बारा तासांची पाळी करतो. शनिवारची अर्धी, रविवारची आणि आजची गेली. रोजाचे सहाशे सुटतात. त्याची बहीण गावाहून आली आहे, संध्याकाळच्या भुसावळकडच्या गाडीनं परत जाणार होती, वडिलांना घेऊन. आता ती एकटीच जाईल की थांबेल, यावर दोघं भाऊबहीण हळू आवाजात बोलतात. मावशी आजोबांना चहात बुडवून पाव देतात. आजोबा पाच पाव खातात.

४.००

मावशींची पाळी संपली. दुपारपाळीची बाई आली. मावशी हातातले ग्लोव्हज काढत नाहीत.

४.१०

मंजुरी आली. विमा कंपनीनं ग्लोव्हज, सिरिंज, कापूस वगैरे वगळलं, ते एक हजार आठशे चाळीस रुपये रुग्णाचे. बायको नवऱ्याच्या फोनवरून भरायला जाते, नेट चालत नाही, मग ब्लाउजमधून नोटा काढते. पावती, गेटपास, वॉचमनची सही. गेटपास वर येतो ४.३५ला.

एकवीसचं पोर्टलही त्याच सुमारास चाललं. अकराचे पैसे घेऊन भाऊ आला. चार नंबरवाल्याचा टाइप केलेला कागद चुकीच्या फाइलमध्ये सापडला. सकाळी दहापासून सुटायचे ते चार जण पंधरा मिनिटांत एकदम सुटतात. म्हणून मावशी थांबल्यात. एका बाईनं चार बेड करायचे तर खालचे लोक सातला वर येतील.

४.४०

चौदा नंबर रिकामा झाला. माणूस जाताना मावशींच्या हातात पन्नासची नोट ठेवतो. त्या नको म्हणतात, तो ठेवतोच. मग त्या ती ब्लाउजमध्ये नाही, एप्रनच्या खिशात ठेवतात. दुपारपाळीच्या बाईबरोबर अर्धी-अर्धी.

आता काम. आधी चादर, आतल्या बाजूनं गुंडाळत, झटकायची नाही. मळकट कपड्यांच्या पिशवीत. उशीचा अभ्रा तसाच. सलाईनची नळी लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या. गादीचं रेक्झिन बघायचं, कुठं फाटलंय का. फाटलं असेल तर आत ओल जाते. एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली आहे, ती धरून आहे.

बादलीत हायपोचं, म्हणजे जंतुनाशक ब्लीचचं, पाणी. कपडा पिळून गादी वरून, मग बाजू, मग उलटून खाली. मग उशी, साइडचे दांडे, सलाईनचा स्टँड, लॉकर, लॉकरचा खण. खणात चौदा नंबरवाल्यांचा नेलकटर राहिलाय. मावशी तो सिस्टरच्या टेबलावर ठेवतात. स्वच्छ बाजूकडून घाणीकडे, वरून खाली. उलटं केलं की घाण पसरते. मग दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ही दहा मिनिटं कमी करता येत नाहीत. एवढ्या वेळात मावशी अकरा नंबरला भिडतात. परत येऊन लोखंडी दांडे साध्या पाण्यानं पुसतात, हायपोनं गंज चढतो. कोरडा कपडा. मॅकिंटॉश, म्हणजे रबरी चादर. आणि खालच्या खणातली ती चादर. चारही कोपरे तिरके मुडपून गादीखाली, इतके घट्ट की माणूस रात्रभर वळला तरी सुटू नयेत.

घड्याळात ५.०८. अठ्ठावीस मिनिटं.

चौदा नंबरच्या माणसाला सोडल्यापासून बेड रिकामा होईपर्यंत सहा तास पन्नास मिनिटं गेली. मावशींची फक्त ही अठ्ठावीस. तरी मधल्या काळात दोनदा खालून फोनवर विचारलं गेलं होतं, ‘‘मासी बेड कधी करणार?’’

५.२५

सुजलेल्या पायाचा मुलगा वर आला. चौदावर आडवा केला. सिस्टर पायाखाली दोन उशा देतात, सलाईन टांगतात, विगो तपासतात. मुलगा एकोणीस वर्षांचा असेल. डोळे मिटतो. साडेसहा तास तो स्ट्रेचरवर होता. आयसीयूतला रुग्ण अकरा नंबरवर आला. रात्रीपासूनचा स्ट्रेचरवाला चारवर. ओटीतली थांबलेली शस्त्रक्रिया मात्र आज होणार नाही, भूल देणारे डॉक्टर दुसरीकडे गेले. उद्याच्या यादीत टाकली. त्या रुग्णाला आता जेवायला दिलंय.

५.४५

इनचार्ज सिस्टर रजिस्टर भरतात. रात्री बाराला बेडची मोजणी होते, तिची तयारी. बाराला जितके बेड भरलेले, तो त्या दिवसाचा आकडा. काल चोवीस. आजही बहुतेक चोवीसच, कारण अठराची मंजुरी अजून आलेली नाही आणि एकवीसवर दुपारी ऑपरेशन झालेला रुग्ण येतोय. कागदावर वॉर्ड पूर्ण वापरात.

सिस्टर कोऱ्या कागदावर मला हिशेब करून दाखवतात. ‘‘चोवीस बेड. माणूस सरासरी तीन दिवस राहिला तर रोज आठ नवे घेता येतात. आठवड्याला छप्पन्न. आता प्रत्येकाचे सहा तास असे गेले, तर तीन दिवसांचे सव्वातीन होतात. आठवड्याला बावन्नसुद्धा होत नाहीत.’’ त्या बावन्नखाली रेघ मारतात. ‘‘चार जण. हे चार जण बाराच्या मोजणीत दिसत नाहीत. ते खाली कॅज्युअल्टीत असतात, नाहीतर महापालिकेच्या स्मीमेर इस्पितळात गेलेले असतात, नाहीतर घरी.’’

मी विचारतो, हा कागद वर कुणाला दाखवला का. दाखवला, म्हणतात. वरच्यांनी वीस बेडचा नवा वॉर्ड काढायचं ठरवलंय. आरएमओ आणि वॉर्डबॉय मात्र तेवढेच राहणार आहेत. मला विचाराल तर त्या वीस बेडच्या खर्चातल्या थोड्या पैशांत दुपारी फक्त डिस्चार्जचे कागद करणारा एक डॉक्टर आणि मजल्याला एक-एक वॉर्डबॉय येईल. सिस्टरांचंही तेच म्हणणं आहे.

६.२०

मावशी साबणानं कोपरापर्यंत हात धुतात. बोटांच्या बेचक्यांत हायपोनं कातडी सोललीय, तिथं खोबरेल लावतात. जादा दोन तास वीस मिनिटांचे पैसे नाहीत. हजेरीच्या मशिनवर फक्त येण्याची वेळ बघतात.

साडी नीट करून निघाल्या आणि दारातून परत फिरल्या. नऊ नंबरची फाइल काढायला लावली. सर्जनला दाखवायची चिठ्ठी अजून लिहिलेली नव्हती. सर्जन साडेनऊला ओटीत शिरतात, मग दुपारी दोनपर्यंत बाहेर येत नाहीत. त्याआधी चिठ्ठी त्यांच्या हातात गेली नाही, तर आजोबांची आणखी एक रात्र. दुपारपाळीच्या सिस्टरनी चिठ्ठी लिहिली. मावशींनी ती फाइलला बाहेरून टाचणीनं लावायला सांगितली, आत नको.

मग दुपारपाळीच्या बाईला म्हणाल्या, ‘‘सकाळी आठला मी आले की मीच घेऊन जाते. वॉर्डबॉयची वाट बघू नका.’’